हॅरकिनांचा गज

"आता या पोरीनं एक उचलावी," म्हातारा मॉर्टी म्हणाला, आणि पबच्या मागच्या खोलीतल्या चौदा वादकांनी आपापली वाद्यं मांडीवर ठेवली.

नोरीननं लेकीला, एमरला, जवळ ओढलं. शनिवारची दुपार, संगीत महोत्सवाचा मधला दिवस, रस्त्यावर मुंगीला शिरायला वाव नाही. एवढ्या गर्दीत आपल्याला कोण ओळखतंय, असं तिला वाटलं होतं. डोनेगलमधल्या सासरहून पाहिलं तर हे केरीचं गाव म्हणजे आयर्लंडचं दुसरं टोक. कार्यक्रमपत्रिका तिनं तीनदा वाचली होती; वादक नवऱ्याचं नाव तीत नव्हतं. केसांचा रंग बदलला होता, आडनाव बदललं होतं. एमर आता नऊ वर्षांची; घर सोडल्यापासून तीन वर्षं ती आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराला उशा लावून फिडल, तिकडचं व्हायोलिन, वाजवत होती. शेवटी आईचंच काळीज, पाझरलं.

"शाळेतली जिग वाजव," तिनं लेकीच्या कानात सांगितलं. "घरातली नको."

एमरनं तेच केलं. शहाणी पोर. जिग म्हणजे नाचाची चाल, तीही अगदी साधी, त्या देशात शेंबडं पोरही वाजवील अशी. पहिला फेरा ती एकटीनं वाजवून गेली, दुसऱ्यात बाकीचे हळूच मिसळले, तिसऱ्यात खोली डुलायला लागली. एमरचे गाल लाल झाले. लेकीला इतकं मोकळं हसताना पाहून नोरीनचे डोळे भरून आले.

चाल संपली आणि टाळ्या पडल्या. मॉर्टीनं तेवढ्या वाजवल्या नाहीत. तो पोरीच्या उजव्या हाताकडे बघत होता.

"कुणाकडून घेतलीस गं?"

हे तिकडे विचारतातच. चाल कुणाकडून आली ते सांगितल्याशिवाय वादकाला घोट गोड लागत नाही, आणि जो सांगत नाही त्याला चोर म्हणतात.

"शाळेतल्या बाईंकडून," एमर म्हणाली. पढवलेलं चोख म्हटलं.

"चाल असेल बाईंची. गज नाही." मॉर्टी खुशीत आला. "मंडळी, ओळीच्या शेवटी पोरगी गज कसा मागे हिसकते, बघितलंत? अहो, हा हॅरकिनांचा हिसका! त्या घराबाहेर कुणाच्या बापाला जमलेला नाही. कुणापैकी गं तू?"

नाव बदललं, केस बदलले, गाव बदललं. पोरीचा हात बदलायचं नोरीनला सुचलंच नव्हतं. चौथ्या वर्षापासून बापानं मांडीवर बसवून घोटून घेतलेला हात तो. नोरीनचं स्वतःचं डावं मनगट पोरीच्या त्याच बापानं दारात चेंगरलं होतं. ते अजून पुरतं वळत नव्हतं.

"आमचं नाही कुणी तिकडं," ती म्हणाली. "एमर, ऊठ. बस चुकेल."

"बसा हो बाई!" बासरीवाला डेक्लन ओरडला. मनानं चांगला माणूस, फक्त पोटात काही राहत नाही. "फेलिम हॅरकिन गावातच आहे की! खाली बंदरावरच्या पबात बसलाय सकाळपासून. मी त्याला पोरीचा व्हिडिओसुद्धा पाठवला. म्हटलं, लेका, तुझा गज इकडं केरीत कुणीतरी चोरलाय!" त्यानं फोनकडे पाहिलं. "हे बघा, निघाला पण."

सगळे हसले. नोरीनला आत्ता उमगलं. पत्रिकेत नावं असतात ती मंचावरच्यांची. पबात येऊन कोपऱ्यात बसणाऱ्याचं नाव कोण छापतो! उभा जन्म या लोकांत काढून एवढं ध्यानात येऊ नये?

मॉर्टीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिच्या मनगटाकडे. त्याचं हसू उतरलं.

"चुकलं माझं," तो मोठ्यानं म्हणाला. "हा हॅरकिनांचा गज नव्हेच."

"मॉर्टीबाबा, तुम्हीच चुकायला लागलात तर आम्ही विचारायचं कुणाला?"

"वय झालं, डेक्लन." फिडल उचलायला तो वाकला आणि तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "स्वैपाकघरातून मागं दार आहे, बाई. अंगणातून गल्लीत निघा. मी वाजवतोय तोवर इथलं कुणी हलणार नाही. आणि सुरू केलेली चाल मी साठ वर्षांत मध्ये तोडलेली नाही."

त्यानं गज टाकला तोच तडफेनं. चौदाच्या चौदा जणांची वाद्यं त्याच्यामागे धावली. दारातली माणसं पाय आपटायला लागली. नोरीननं लेकीचा दंड धरला आणि ती भिंतीच्या कडेनं सरकत निघाली. स्वैपाकघरात पाव कापणाऱ्या बाईनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कापायला लागली.

अंगणात बिअरची रिकामी पिंपं रचलेली होती. त्यांच्यापलीकडे फाटक. फाटकाची कडी गंजून घट्ट बसलेली. नोरीन एका हातानं ती उपसत राहिली. दुसऱ्या हातात जोरच येईना. आत पहिला फेरा संपून दुसरा सुरू झाला होता. चाल लांबलचक होती. म्हाताऱ्यानं मुद्दाम निवडली असणार.

"आई, मी शाळेतलीच वाजवली ना?" एमर रडवेली झाली होती. "तू सांगितलीस तीच वाजवली."

"हो गं राणी. तुझं काही चुकलं नाही. कडी धर, ओढ माझ्याबरोबर."

दोघींनी मिळून ओढली. कडी बोटभर सरकली आणि अडली.

आत, दुसऱ्या फेऱ्याच्या ऐन मधोमध, मॉर्टीचं फिडल थांबलं.