राखीव खेळाडू

धड बर्फ नाही, धड पाऊसही नाही, असं काहीतरी मधलंच आभाळातून तिरकं पडत होतं. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या त्या मैदानाचा पार चिखल झाला होता आणि रग्बी खेळणाऱ्या मुली एका लांबट चेंडूसाठी त्यात एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. रेषेबाहेर केया एकटी उभी होती. चौदा वर्षांची, गुडघे जांभळे पडलेले, दातांवर दात आपटत. खेळणाऱ्या मुलींच्या अंगातून वाफा निघत होत्या. थंडी काय ती हिच्याच वाट्याला आली होती.

तिचा बाप शैलेंद्र दोन पावलं मागे होता. मूळचा नागपूरचा माणूस. कानटोपी, तिच्यावर जॅकेटची टोपी, तिच्यावर छत्री, आणि तरी कुडकुडत होता. बाकीचे आईबाप उघड्यावर भिजत आरोळ्या ठोकत होते. एकाने तर हँडीकॅम प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून शूटिंग चालवलं होतं.

"बाबा, कोच मला घेतच नाहीये," केया वळून म्हणाली. "आय डोन्ट गेट इट. मी एकही प्रॅक्टिस मिस नाही केली!"

"घेतील गं. धीर धर जरा," शैलेंद्र म्हणाला आणि त्याने छत्री उगाच दुसऱ्या हातात घेतली.

घेणार नव्हते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. काल संध्याकाळी त्यानेच कोचला फोन केला होता. उद्या रविवारी इथल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता आणि केया नाचात पहिल्या रांगेत होती. गणपतीत ती काळानिळा डोळा घेऊन स्टेजवर गेली, तेव्हा मंडळातल्या सुलेखाकाकूंनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय रे शैलेंद्र, पोरीला कुस्तीच्या आखाड्यात घातलीस की काय?" अख्खा हॉल हसला होता. ते त्याला अजून झोंबत होतं.

पोरीला तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती. मग त्याने आपल्याकडे करतात तेच केलं. सरांना आधीच गाठायचं, तब्येतीचं काहीतरी पुढे करायचं आणि 'जरा सांभाळून घ्या' म्हणायचं. सरही समजून घेतात, कुणाचं काही बिघडत नाही. केयाला थोडा अस्थमा आहे, थंडीत वाढतो, तिला वाईट वाटेल म्हणून तिच्याकडे विषय काढू नका, असं तो बोलून मोकळा झाला. कोचने तर वेळेवर सांगितल्याबद्दल त्याचे आभार मानले.

शेवटची दहाएक मिनिटं उरली असताना मुलींच्या ढिगाऱ्याखालून एक मुलगी उठलीच नाही. ती खांदा धरून रडत होती; दोघांनी तिला बाहेर आणलं. केयाची टीम जेमतेम पुढे होती आणि त्यांच्याकडे राखीव म्हणून केया तेवढी एकटीच. तिने अंगातलं जॅकेट काढून चिखलात फेकलं, दातांवरचं रबरी कवच तोंडात कोंबलं आणि ती रेषेपाशी धावली.

कोच तिच्या बाजूने पुढे होत सरळ शैलेंद्रकडे आला. दाढीत बर्फाचे कण अडकलेला भला माणूस.

"तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मी तिला उतरवणार नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "तिचा अस्थमा आज कसा आहे? दहा मिनिटं झेपतील तिला?"

केयाने तोंडातलं कवच काढलं. "माय व्हॉट?"

आजूबाजूच्या आरोळ्या थांबल्या. सगळे इकडेच बघू लागले. शैलेंद्रला एकच वाक्य बोलायचं होतं. तिला काही झालेलं नाही, मी खोटं बोललो. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण हॉलमधल्या लोकांच्या धाकाने जे केलं, ते मैदानावरच्या लोकांच्या धाकाने निस्तरता येईना.

केया त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिला कळलं नाही. मग कळलं, आणि ते तिला कळताना त्याला बघावं लागलं. आता ही ओरडेल, चारचौघांत आपली अब्रू काढेल, असं त्याला वाटलं. काढायलाच हवी होती.

ती खोकली. तोंडावर हात धरून, दोनदा.

"नॉट ग्रेट टुडे, कोच," ती म्हणाली. "सॉरी."

कोचने तिची पाठ थोपटली आणि आहेत तेवढ्या मुलींवर खेळ पुढे सुरू केला. पोरींनी जिवाचं रान केलं, पण एक जण कमी ती कमीच. अगदी शेवटी समोरची टीम त्यांना रेटून रेषेपार गेली आणि सामना हातचा गेला. केयाला कुणाच्यातरी आईने ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, थर्मासमधलं गरम चॉकलेट पाजलं. 'पुअर थिंग' म्हणून ती शैलेंद्रकडे बघूनही कणवेने हसली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडीत बसल्यावर त्याने हीटर पुरता वाढवला. "केया, बेटा, मी..." म्हणून सुरुवात केली आणि तो काचेवरची वाफ पुसू लागला. ती काचेतून बाहेर बघत होती. मैत्रिणी चिखलात एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या.

मग ती बोलली. आवाजात राग नव्हता. उद्या किती वाजता निघायचं, असं विचारावं तसं तिने विचारलं, "बाबा, मला अस्थमा कधीपासून आहे? सोमवारी सगळ्या विचारतील."