निम्मा थकवा

स्त्री-पुरुष समानता मानवजातीने अखेर साध्य केली. ती मनगटावर बांधावी लागे आणि अधूनमधून चार्ज करावी लागे. नवरा-बायको दोघांनी पट्ट्या बांधल्या, की दोघांचा दिवसभराचा थकवा संध्याकाळी आपोआप निम्मा-निम्मा वाटला जाई.

श्रीनिवासने मात्र आपली पट्टी दिवाळीपासून बोक्याच्या गळ्यात, दाट केसांखाली बांधली होती आणि स्वतः घरातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत होता.

"तुझ्यामुळे किती हलकं वाटतं रे," ऑफिसातून येऊन कणीक भिजवता भिजवता मृदुला म्हणाली. "नाहीतर हा बोका! पुढ्यातून उंदीर गेला तरी ढिम्म हलत नाही. पुरुषाची जात, दुसरं काय! तू तेवढा अपवाद."

घरून काम करणाऱ्या आणि दुपारी निवांत झोप काढलेल्या श्रीनिवासला हा अपवाद फार झोंबला. तो गुपचूप बाल्कनीत गेला, लोळणाऱ्या बोक्याची पट्टी सोडली आणि आपल्या मनगटावर बांधली.

मृदुलाचा निम्मा दिवस अंगावर आला तेव्हा त्याने आधी दाराची चौकट धरली, मग सोफा. 'पोळ्या मी करतो' असं म्हणायचं त्याने ठरवलं होतं, पण 'पो'च्या पुढे शब्द निघेना.

"अगंबाई, आज फारच दमलास की!" मृदुलाने त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली. "पड तू. पोळ्या काय, मी लाटते."

लाटण्याचा आवाज ऐकत तो पडून राहिला. इतकी शरम त्याला जन्मात वाटली नव्हती, पण उठवतही नव्हतं.

तेवढ्यात बोक्याने उंदीर पकडला.