मस्कतची तिकिटं

“थुंकी लावाची नाही वं इंदू. पट्टीले पाण्याचं बोट फिरवाचं. आधी तिकिटाच्या पाठीले चिकटवाची, मंग पानाले. अन् वाळल्याबिगर उचलून पाहाचं नाही.”

दादाजींनी बायकोला हे शिकवलं तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आता त्यांचे हात कापतात, म्हणून अल्बममध्ये तिकिटं इंदूबाईच लावतात. डिंक लावलेली नखाएवढी कागदी पट्टी, तिला दादाजी हिंज म्हणतात. ती दुमडायची, लहान भाग तिकिटाला, मोठा पानाला. बिजागरीच ती. तिकीट उचललं की पाठ दिसते.

सकाळी इंदूबाईंनी मेणबत्ती लावून पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, या शीलापाशी त्यांचा आवाज हल्ली खाली येतो. मग खिडकीतून आलेली कोराडीच्या वीजकेंद्राची राख टेबलावरून पुसून त्या अल्बमपुढे बसल्या. ओमानच्या पानावर अकरा घरं भरलेली, एक रिकामं. बारावं तिकीट पंधरा दिवस पुडीतच होतं.

सव्वा वर्षापूर्वी धम्मदीप मस्कतला नोकरीला म्हणून निघाला, तेव्हा बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. दारात मात्र दादाजी विरघळले. “तिथली तिकिटं पाठव. पान भरलं की मी सोता तुले भेटाले येतो,” म्हणाले.

दादाजी शब्द फिरवणारे नव्हते. इंदूबाईंना तीच धास्ती होती. लकव्यानंतर डॉक्टरांनी जिनासुद्धा जपून उतरायला सांगितलं होतं. ते निघाले, तर त्यांच्या जिवाला हे सोसेल का?

तिकिटं सदर बाजारातल्या गोपाळरावांच्या दुकानातून यायची. दर महिन्याला इंदूबाई बसने जाऊन आणायच्या. इथला पोस्टमन लिफाफे हरवतो म्हणून पोराने तो पत्ता दिला असेल, असं दादाजी स्वतःच म्हणाले होते. इंदूबाईंनी ते खोडलं नव्हतं.

शेजारच्या गोपिकाबाई विरजण मागायला आल्या. “दादाजी, आमचा मोहित पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करते. तुमचा काहून नाही करत जी?”

“फोन कोणीबी करते. तिकीट कोण पाठवते?” दादाजी हसले.

“तब्येत तरी बरी आहे ना पोराची?”

“बरी आहे,” इंदूबाई म्हणाल्या. ते खरं होतं.

गोपिकाबाई वाटी घेऊन गेल्या. इंदूबाईंनी पुडी पुन्हा हातात घेतली.

“हे पौर्णिमेले लावू.”

“आजच लाव.”

त्यांनी बोट ओलं केलं. हिंज दुमडली, तिकिटाला लावली, मग पानाला. पान भरलं. वाळेपर्यंत दोघं पानाकडे पाहत बसले.

मग दादाजींनी चिमटा उचलला आणि तिकीट हळूच उलटं केलं.

“इंदू, हे पाह्य.”

नव्या हिंजखाली पिवळट कागदाचा एक कपटा होता. इंदूबाईंना तो डाग वाटला होता.

“जुनी हिंज आहे ही. लिफाफ्यावरून काढलेल्या तिकिटाले हिंज कुठून येईन? कोणाच्या तरी अल्बमातलं आहे हे. बाराही तसेच आहेत. तू गोपाळरावापासून जुनी तिकिटं विकत आणते. पोरगा मस्कतले पोचलाच नाही, हे मले पयल्याच तिकिटाले समजलं.”

इंदूबाईंनी ओलं बोट पदराला पुसलं.

“मंग बोलले काहून नाही?”

“तू रोज शील घेते. मी विचारलं असतं तर तुले सांगावंच लागलं असतं. अन् तू सांगितलं असतं तर मले त्याले भेटाले जावं लागलं असतं. माह्यात तेवढी हिंमत नव्हती वं.”

त्यांनी अल्बम मिटला. खुर्चीचा आधार घेत उठले, चपला पायात सरकवल्या, काठी घेतली.

“सदरहून आली की तुह्या मनगटावर जांभळा शिक्का राहते. पोस्टात चाळीस वर्षं शिक्के वाचले मी. पोस्टाचा नाही तो.”

दार उघडून, कठडा घट्ट धरून, ते एक पायरी उतरले. मग दुसरी.

“दोघांचेबी आधार कार्ड घे,” मागे न पाहता ते म्हणाले. “जेलच्या फाटकावर पाहतात ना?”