शोधा: बंद

‘बंद’ असं टाइप करून नीलानं एंटर दाबलं आणि उगाचच दाराकडं पाहिलं.

दारात कुणी नव्हतं. शेडमध्ये प्रेस मशिनी धडधडत होत्या. टेबलावरचा चहा त्या तालावर थरथरत होता, आणि त्याहून जास्त नीलाचा पाय.

स्क्रीनवर एकच ओळ पिवळी झाली. ‘अगं पंखा बंद कर ह्यांना सर्दी हाय’.

हा आवाज मालकीणबाईंचा, तानाकाकूंचा. नीलानं कपाळाला हात लावला.

खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली की कंपनीचे मालक धर्माजीअण्णा कामगारांपुढं चार शब्द बोलत. यंदा सुनेनं त्यांना फोनमध्ये बोलून टाइप करायला शिकवलं, आणि चार शब्दांचं पुराण झालं. अण्णा ओसरीवर बसून बोलत आणि फोन इमानानं सगळं लिहून घेई. त्यांचं, बायकोचं, दारावरच्या भाजीवालीचंसुद्धा. ना पूर्णविराम, ना परिच्छेद. ती फाइल आज सकाळी नीलाकडं आली होती. शुद्धलेखन बघ, मोठ्या अक्षरात छापून ठेव, दुपारच्या चहाला येतो, असा निरोप.

एरवी तिनं हसत हसत सगळं वाचलं असतं. आज तेवढा दम नव्हता. तळेगावच्या एका कंपनीतून सकाळीच फोन आला होता. ऑफिसात जागा आहे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत हो की नाही कळवा, दुसऱ्या बाई थांबल्यात.

नीलाला जायचं नव्हतं. नवरा गेला तेव्हा तिला उभं केलं ते याच खुर्चीनं. पोरगी याच पगारावर कॉलेजात गेली. पण गेल्या आठवड्यात अण्णांचा मुलगा रणजीत परक्या माणसांना घेऊन आला, त्यांनी टेप लावून शेड मोजली, मशिनींचे फोटो काढले आणि चहा न घेता गेले. तेव्हापासून कंपनी बंद होणार अशी अफवा शेडभर फिरत होती. कंपनी राहणार असेल तर तळेगावला नाही म्हणायचं. राहणार नसेल तर आत्ता, या घटकेला, हो.

आणि अण्णांच्या मनात काय आहे ते या भाषणातच असणार. माणूस आडपडद्याचा नव्हता.

खिडकीत स्टोअरचा कुलदीप येऊन उभा राहिला. अफवेचा मूळ पुरुष हाच.

“काय ताई, सापडलं का आपलं भविष्य?”

“तुला काही काम नाही का रे?”

“आहे ना. उरलेले दिवस मोजतोय.”

“आधी बोल्ट मोज. परवाचा हिशेब लागला नाही अजून.”

तो हसला, पण हलला नाही. नीलानं त्याच्याकडं पाठ केली आणि ‘कपात’ टाकलं.

‘चहा कपात दे बशीत नको’.

कुलदीप खिडकीतून वाकून वाचत होता. “बघा. कपात कन्फर्म.”

“गप बस.”

मग तिनं डोकं चालवलं. विकली, विकणार, विकायची, सगळंच हाती लागावं म्हणून नुसतं ‘विक’ टाकलं. मिळालं काय, तर ‘भाविक’ आणि ‘स्वाभाविक’. ‘टाळं’ टाकलं, काहीच नाही. ‘नोटीस’, नाही. ‘भंगार’, नाही. प्रत्येक ‘नाही’बरोबर तिचा जीव थोडा खाली बसे आणि लगेच वर येई. नसलेल्या गोष्टीचा पुरावा कुठवर शोधायचा?

“उलटं शोधा ना,” कुलदीप म्हणाला. “चांगलं काही आहे का ते.”

पोरगा अधूनमधून शहाण्यासारखं बोलायचा. नीलानं ‘वाढव’ टाकलं.

शेवटच्या पानावर एक ओळ पिवळी झाली.

‘यंदाची पूजा झाली की कंपनी वाढवायची असं मी आणि रणजीतनं ठरवलंय सगळ्यांनी हसतमुखानं साथ द्यावी’.

नीलानं ती ओळ पुन्हा वाचली. म्हणून शेड मोजली. म्हणून फोटो. तिचा पाय थांबला.

“घ्या,” कुलदीप म्हणाला. “आणि मी घरी बायकोची झोप उडवून बसलो.”

“जा आता, सगळ्यांना सांग. अफवा तूच पसरवलीस, आता तूच निस्तर.”

तो गेल्यावर तिनं तळेगावला फोन लावला. इथंच बरं चाललंय, माफ करा, असं नीट, गोड आवाजात सांगितलं. पलीकडच्या बाईंनी “विचार करून सांगताय ना?” असं दोनदा विचारलं. नीलानं दोन्हीदा हो म्हटलं. मग डबा उघडला आणि कितीतरी दिवसांनी भाजीला चव लागली.

चहाच्या वेळेला अण्णा आले. टोपी काढून हातात धरली आणि दारातच उभे राहिले.

“वाचलंस?”

“मुद्द्याचं तेवढं वाचलं अण्णा. कंपनी वाढवताय. चांगलं ठरवलंत.”

अण्णा पुढं आले. मग हळूच समोरच्या खुर्चीवर टेकले.

“लई मोठं काळीज हाय पोरी तुझं. मी रणजीतला तेच म्हणत होतो, नीलापुढं कुठल्या तोंडानं उभा राहू.”

“असं का म्हणता?”

“तुझी तानाकाकू तर कालपासनं जेवली न्हाई.” अण्णांनी शेडकडं पाहिलं आणि टोपीनंच डोळे पुसले. “सणाच्या दिवशी ‘बंद’ म्हणू न्हाई, म्हणून ‘वाढवायची’ म्हनलं. बाकीच्यांचं बघतो जमंल तसं. तुझा तेवढा घोर न्हाई आता. तळेगावला मी सोता शब्द टाकलाय. आला न्हवं त्यांचा फोन?”