अकरावा प्रश्न

"अकरावा प्रश्न माझ्याकडून घाला," उदयसिंह माने म्हणाले. "अडचण आली की कारखान्यात तुम्ही कुणाचा सल्ला घेता? एकच नाव लिहा."

सुनयनाने विश्वजितकडे पाहिलं. दोघं बेलापूरच्या कॉलेजात एमबीएच्या शेवटच्या वर्षाला होते. रबाळ्याच्या या स्विच बनवणाऱ्या कारखान्यात त्यांचा प्रोजेक्ट चालू होता. विषय कामगारांचं मनोबल. माने तिथले पर्सोनेल मॅनेजर. पहिले दहा प्रश्न दोघांनी पुस्तकं चाळून काढले होते, पण हा त्या सगळ्यांच्या वरताण होता.

"अनौपचारिक नेतृत्व, सर," सुनयना म्हणाली. "आम्हाला यावर अख्खं प्रकरण आहे."

"तेच ते. असा माणूस सापडला की त्याला पुढं आणता येतं."

आपण शिकतो ते खरंच कुणाच्या तरी कामी येतं, याचं तिला फार बरं वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने कॅन्टीनमध्ये कागद वाटले. कुणी पेन उघडेना. गेल्या दिवाळीत युनियनची कुजबुज सुरू झाली, तेव्हा दोघा कामगारांना एका दिवसात घरी बसवलं होतं. तेव्हापासून परक्यापुढे कुणी तोंड उघडत नसे.

पॅकिंगमधली वेणूबाई तेवढी मदतीला आली. ती साताऱ्याकडची, सुनयनाचं मूळ गावही तिकडचंच. पहिल्या दिवसापासून ती सुनयनासाठी डब्यात एक भाकरी जास्तीची आणायची.

"घाई नगं करू लेकी," ती म्हणाली. "कुनाला चष्मा लागतो, कुनाला अक्षर लागत न्हाई. उद्या गोळा करून देते."

दुसऱ्या दिवशी बेचाळीसच्या बेचाळीस कागद आले. अकराव्या प्रश्नापुढे एकेचाळीस जणांनी एकच नाव लिहिलं होतं: पंढरी. उरलेल्या एका कागदावर होतं, 'माने साहेब'.

"हा पंढरीचाच असणार," विश्वजित हसला. "स्वतःचं नाव स्वतः कसं लिहील?"

पंढरी स्टोअरमध्ये होता. खाडीकाठच्या गावातला. शेत नव्या शहरासाठी सरकारने घेतलं आणि त्याला ही नोकरी लागली. तो कॅन्टीनमध्ये शिरला की बोलणी थांबत. त्याच्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा रिकामी राही. सुनयनाने हे आधीच टिपून ठेवलं होतं. आता तिने त्यापुढे लिहिलं, 'आदरयुक्त अंतर'.

मान्यांनी अहवालातलं ते पान दोनदा वाचलं.

"पंढरी? नक्की?"

"एकेचाळीस जणांनी लिहिलंय, सर."

त्यांनी अहवाल मिटला. "इतके दिवस माझ्या लक्षात कसं आलं नाही!"

"त्याला सुपरवायझर केलंत तर..."

"बघतो मी त्याचं."

प्रोजेक्टला कॉलेजात पहिला नंबर मिळाला. सुनयना पेढे घेऊन कारखान्यात गेली, तर गेटवरच वॉचमन मानसिंग म्हणाला, "पंढरीला काढला. परवाच."

ती तडक मान्यांच्या केबिनमध्ये शिरली. "सर, त्याचा गुन्हा काय?"

"मॅडम, तुमचा प्रोजेक्ट संपला ना?" माने म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

विश्वजितचं म्हणणं सरळ होतं. "नंबर आला ना आपला? टेन्शन नको घेऊस."

पण तिला घास गोड लागेना. चार दिवसांनी पत्ता विचारत ती पंढरीच्या घरी गेली. दारात त्याची बायको सरस्वती उभी होती.

"बाय, असं काय लिवलंत तुमी यांच्यावर? जमीन गेली, नोकरी पन गेली. आता पोरांना खायाला काय देव?"

पंढरी ओट्यावर बसून होता. त्याने एवढंच विचारलं, "माजं नाव कुनी दिलं?"

"सगळ्यांनी," सुनयना कळवळून म्हणाली. "फार मानतात हो तुम्हाला."

"सगल्यांनी?"

तो एकदा हसला. मग त्याने मान खाली घातली, ती सुनयना निघेपर्यंत वर केलीच नाही.

त्या दिवशी तिने ठरवलं, आपल्या नोकरीचं पुढे काय व्हायचं ते होवो, आपण गप्प बसायचं नाही. पंढरीचा काही दोष नाही, आमचा अहवाल वाचून मान्यांनी एका लोकप्रिय माणसाला कामावरून काढलं, असं तिने दोन पानं भरून लिहिलं. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचं. त्यावर कामगारांच्या सह्या हव्या होत्या.

पाळी सुटायच्या वेळी ती गेटबाहेर उभी राहिली. वेणूबाई दिसताच तिने तिला बाजूला घेतलं.

"मावशी, माझ्यामुळे त्याच्या पोटावर पाय आला. तुम्ही पहिली सही करा, म्हणजे बाकीचे घाबरणार नाहीत."

बोलता बोलता तिला रडू आलं. वेणूबाईने तिचे डोळे पदराने पुसले. मग दोन्ही पानं तिथेच उभ्या उभ्या वाचून काढली, घडी घातली आणि फाडून टाकली.

"मावशी!"

"दिवाळीला आमची दोन मान्सं गेली. त्यांची नावं सायबाला कुनी सांगितली, ठाव हाय? या पंढरीनं."



"पण मग एकेचाळीस जणांनी त्याचंच नाव..."

"लिवलं की. ज्याचं नाव सायबाकडं जातं त्यो घरी बसतो, ह्ये ठाव हुतं. मी सांगितलं, त्येच लिवलं समद्यांनी."