हेड ऑफिसच्या बाई

बसमधल्या माइकवर साहेबांचं तिसरं व्याख्यान चालू होतं. परदेशात मशीनमधून पैसे काढताना पडद्यावर विचारतात, रक्कम तुमच्या देशाच्या चलनात लावू का? तिथे भुलायचं नाही, सरळ 'नको' दाबायचं, कारण तो दर मशीनवाल्यांनी स्वतःच्या सोयीचा लावलेला असतो. एक कार्ड खिशात ठेवायचं आणि दुसरं हॉटेलच्या खोलीत, बॅगेच्या तळाशी. आणि मशीनपाशी कुणी अनोळखी माणूस मदतीला आला, तर त्याच्यासमोर नंबर दाबायचा नाही.

सहलीतली बावीस माणसं कान देऊन ऐकत होती. साहेब बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले, त्याला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. घरी तर टीव्हीचा रिमोटसुद्धा नातवाच्या ताब्यात होता. इथे मात्र पहिल्या दिवसापासून 'साहेब, जरा बघता का?' सुरू झालं आणि त्यांची छाती दोन इंच फुगली. बायकोही चारचौघांत 'आमच्या ह्यांना विचारा' म्हणू लागली. चाळीस वर्षांच्या संसारात हे नवीनच होतं.

चौथ्या दिवशी या सुखाला दृष्ट लागली.

बाजारातल्या एका मशीनमध्ये निवृत्त मास्तर कार्ड घालणार, तेवढ्यात बसच्या शेवटच्या बाकावर एकट्या बसणाऱ्या बाई पुढे झाल्या. साठीच्या, किडकिडीत, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी कार्ड घालायची खाच दोन बोटांनी धरून हलवली आणि म्हणाल्या, "हे तोंड वरून चिकटवलंय, कार्डाची नक्कल चोरायला. मास्तर, दुसरं मशीन बघू."

मास्तरांनी कार्ड पटकन खिशात टाकलं. तुम्हाला हे कसं कळलं, असं सगळ्यांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, बँकेतच होते की मी. मशीनमध्ये रोकड भरायला माणसं यायची तेव्हा मला समोर उभं राहावंच लागायचं.

झालं. ज्याला त्याला पैसे काढायला बाई सोबत हव्या झाल्या. त्याही जायच्या. कुणी नंबर दाबू लागलं की पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. रोकड समोर भरली जायची म्हणजे तपासणी खात्यातल्या, असा तर्क मास्तरांनी लढवला, आणि बाईंना 'हेड ऑफिसच्या बाई' हे नाव चिकटलं. बाई त्यावर नुसत्या हसल्या.

साहेबांनाही ते पटलं. तपासणीवाले असेच असतात, कमी बोलतात आणि सगळं बघतात. बाईंना पद विचारायची मात्र त्यांची छाती होईना. त्या वरच्या निघाल्या तर माइक गेलाच म्हणायचा. त्यात बायकोनं भाबडेपणानं विचारलं, "त्या तुमच्याहून मोठ्या होत्या का हो?" त्या दिवशी साहेबांना जेवण गोड लागलं नाही.

शेवटून दुसऱ्या दिवशी बायकोला एक लोकरीचा कोट आवडला. दुकानदार रोखच मागत होता. साहेब ऐटीत कोपऱ्यावरच्या मशीनपाशी गेले. कार्ड आत गेलं. पैसे येईनात, कार्डही येईना. त्यांनी मशीनवर थाप मारली, मग दुसरी मारली. बायको बघत होती, आणि मागे सहलीतले चौघे येताना दिसत होते. सगळ्यांना शहाणपण शिकवणाऱ्याचंच कार्ड अडकलं, म्हणजे नाक कापलं गेलं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

इतक्यात एक टापटीप माणूस हसत जवळ आला. नंबर पुन्हा दाबा, मी मदत करतो, असं त्यानं खुणेनं सांगितलं. साहेबांनी स्वतःच तीन दिवस ज्याच्यापासून सावध केलं होतं, तो हाच. पण घाबरलेल्या माणसाला स्वतःचं व्याख्यान आठवत नाही. त्यांचं बोट बटणाकडे गेलंसुद्धा.

मधे एक हात आडवा आला. बाई पाय रोवून दोघांच्या मधे उभ्या होत्या.

"लांब व्हा," त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या. माणसाला भाषा कळली नसेल, पण आवाज कळला. तो निघून गेला.

बाईंनी मशीनला कान लावला. "आत चाक फिरतंय. हात लावू नका, साहेब. दमलंय ते, बंद नाही पडलेलं."

मिनिटभरानं कार्ड बाहेर आलं, पाठोपाठ नोटा. साहेबांचा जीव भांड्यात पडला. ते चौघे पोचले तेव्हा बाईंनी एवढंच सांगितलं की मशीन जरा हळू आहे. संध्याकाळी बसमध्येही त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

साहेब मानी होते, पण मनाचे कोते नव्हते. शेवटच्या दिवशी दुपारच्या जेवणाला त्यांनी माइक मागून घेतला. बायको नव्या कोटात ऐटीत बसली होती. साहेबांनी कार्डाची सगळी हकिकत स्वतःच सांगून टाकली, काही न लपवता. लोक हसले, त्यांनी हसू दिलं.

"तीस वर्षं मी बँकेत काढली," ते म्हणाले, "माझ्या शाखेत अशी एक व्यक्ती असती, तर मी निर्धास्त झोपलो असतो. बाई, माझ्याहून वरच्या अधिकाऱ्याला मी आनंदानं मान देतो. आता तरी सांगा, कुठली शाखा, कुठलं पद?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई उठल्या. माइक त्यांनी दोन्ही हातांनी धरला. त्यांची मान ताठ होती.

"शाखा तुमचीच, साहेब. बाहेर एटीएमच्या दाराशी स्टूल होतं ना, ती जागा माझी. चार वर्षं रोज सकाळी त्या स्टुलावरून उठून तुम्हाला सलाम करायचे."