टॉवरवाल्याची धुलाई

इंजिनिअरच्या कानाखाली अशी बसली, की त्याचा चष्मा उडून लोखंडी कपाटामागे जाऊन पडला.

"फोन लागत नाही तो नाहीच," वेल्डर म्हणाला. "निदान आता तरी ऐकू येतंय का तुला?"

टॉवरच्या कुंपणाचं फाटक त्याने लाथेनेच उघडलं होतं. आत लोखंडी कपाटं, भिंतीला टेकवून ठेवलेली नवी मशीनं, जमिनीवर पसरलेल्या काळ्या केबली. त्या पसाऱ्यात हा पोरगेला इंजिनिअर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. वेल्डरने आधी सरळच विचारलं होतं, की नेटवर्क कधी येणार. "अपग्रेडचं काम चालू आहे, काका. तक्रार ॲपवर टाका," असं तो मान वर न करता म्हणाला आणि तिथेच त्याचे ग्रह फिरले.

तसा वेल्डर काही मारकुटा नव्हता. पण त्याची मुलगी नवऱ्याचा मार खाऊन खाऊन शेवटी माहेरी आली होती, आणि तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. जावई तिला ओढून न्यायला टपलेलाच होता. बाप घरात असला की पठ्ठ्या गल्लीत फिरकत नसे, पण बापाने पोट भरायला दुकानात जायचं की नाही? "आतून कडी लाव. तो दिसला की मला फोन कर, मी आलोच," एवढाच काय तो त्या दोघांचा बंदोबस्त. काल जावई खरोखरच आला आणि दारावर लाथा घालू लागला. मुलगी आतून फोन लावत राहिली, पण फोन लागेचना. शेजारीण आरडाओरडा करत बाहेर आली म्हणून निभावलं.

आज वेल्डरने दुकान उघडलंच नाही. सकाळपासून तो दाराशी बसून होता. हातातल्या फोनवर कंपनीचा दिलगिरीचा मेसेज वाचत होता आणि त्याच्या अंगाची लाही लाही होत होती. दुपारी तो उठला. "हा आलो," असं मुलीला सांगून त्याने थेट टॉवर गाठला.

खाली केबलचा जाड तुकडा पडला होता. वेल्डरने तो उचलला. पहिला फटका पाठीवर बसला, मग दंडावर, मग मांडीवर. इंजिनिअर कपाटाला धरून उठायला बघत होता, तेव्हा वेल्डरने त्याच्या गुडघ्यात लाथ घातली. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. जावई हाताला लागत नव्हता. हा लागला होता.

आवाजाने गल्ली गोळा झाली. या नेटवर्कने सगळ्यांचाच जीव खाल्ला होता, तेव्हा मध्ये पडणार कोण? रिचार्जच्या दुकानवाल्याने फोन उंच धरला आणि सुरू केलं, "टॉवरवाल्याची धुलाई, लाइव्ह." त्याचं बघून दुसऱ्याने फोन काढला, मग जो तो काढू लागला. काही जण फाटकावर चढले, काही एकमेकांच्या खांद्यावर रेलले.

"दादा, जरा त्याचं तोंड इकडे करा की," कुणीतरी म्हणालं.

वेल्डरने केसाला धरून केलं.

इंजिनिअरच्या नाकातून रक्त वाहत होतं. त्याने कसेबसे हात जोडले. "मला मारायचं तर मारा," तो म्हणाला. "पण त्यांना मोबाईल बंद करायला सांगा."

"का रे, लाज वाटते?"

"अहो, जुनी मशीनं काढलीत, नवी जोडायचीत. आत्ता सगळा भाग एकाच मशीनवर चाललाय. सगळ्यांनी एकदम व्हिडिओ सोडला तर कुणाचा साधा फोनसुद्धा लागणार नाही."

"ऐकलंत का मंडळी?" वेल्डर गर्दीकडे वळला. "साहेब म्हणतात, दोष तुमचा आहे."

लोक खो खो हसले. आणखी फोन वर गेले. वेल्डरने केबल दुहेरी केली आणि तोंडावरच ओढली. इंजिनिअरचा ओठ फाटला. तो पालथा पडला आणि रांगत लॅपटॉपकडे सरकायला लागला. वेल्डरने त्याच्या बोटांवर बूट ठेवला आणि सगळा भार देऊन उभा राहिला. बोटं मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत ऐकू गेला.

"आता टाक ॲपवर तक्रार," वेल्डर म्हणाला.

इंजिनिअर ओरडला नाही. त्याची शुद्धच हरपली होती. तेव्हा कुठे गर्दी जराशी बिचकली. तेवढ्यात पोलिसांची गाडी वळली म्हणून कुणीतरी सांगितलं, आणि सगळे मोबाईल पटापट खिशात गेले. बघता बघता फाटकापाशी चिटपाखरूही उरलं नाही.

वेल्डर एकटाच धापा टाकत उभा राहिला. हात खांद्यापासून भरून आला होता, पण कालपासून छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. तोच त्याचा फोन थरथरला. पुन्हा थरथरला. मग थांबेचना. कॉल येऊन गेल्याचे मेसेज एकामागून एक पडत होते आणि सगळे मुलीचे होते.

 रक्ताने बोटं स्क्रीनवरून घसरत होती. शर्टाला पुसून त्याने नंबर लावला. इतक्या दिवसांत कधी नव्हे तो फोन झटक्यात लागला, आणि पलीकडून लगेच उचललाही गेला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

"मामा, दमला असाल, सावकाश या," जावई म्हणाला. "तुम्ही तिकडे आहात हे लाइव्हवर दिसलं, म्हणून तर आलो."